पद्मिनी, इको आणि हयातीचा दाखला

पनवेल हे गाव रस्त्यांनी वाढवलं. जुना मुंबई-पुणे रस्ता गावातून जातो, गोव्याचा रस्ता पळस्पे फाट्याला फुटतो आणि द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीला सुरू होतो. तीन दिशांनी गाड्या येतात, त्या अर्थी तीन दिशांनी बिघडलेल्या गाड्याही येतात. घाट उतरून आलेल्या इंजिनाला आपलं दुखणं नेमकं इथे सपाटीला लागल्यावर आठवतं. त्यामुळे आमच्याकडे गॅरेजांना तोटा नाही आणि बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीभोवती जमणाऱ्यांना तर त्याहून नाही.

ही जमणारी मंडळी म्हणजे एकेकाळी मोठी करमणूक होती. गाडी कुणाची, माणूस कुठला, काही माहीत नसताना ‘पॉइंट घासून बघा’, ‘प्लगला तेल आलंय’, ‘डेल्को जरासा फिरवा’ असे सल्ले चहूबाजूंनी सुरू होत. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. गॅरेजात त्याला दुसरं नाव मी ऐकलेलं नाही. गंमत म्हणजे त्या सल्ल्यांतला एखादा लागू पडायचाही. आता बॉनेट उघडलं की आत एक काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. माणसं जमतात, झाकणाकडे पाहतात, एकमेकांकडे पाहतात आणि काही न बोलता पांगतात. मोटारीत संगणक आल्यामुळे प्रदूषण किती कमी झालं याचा हिशेब जाणकारांनी करावा. पनवेलच्या नाक्यावरचं बोलणं मात्र निम्म्यावर आलं.

एका गाडीचं इंजिन काढून दुसरीत बसवणं हा आमच्याकडे चमत्कार कधीच नव्हता. जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन परवडेनासं झालं की आकुर्डीला बनणाऱ्या मॅटाडोरचं डिझेल इंजिन तिच्यात घालायचं, हे महाराष्ट्रभर चालायचं. त्यात प्रश्न ठरलेले असत. फाउंडेशन कुठे वेल्ड करायचं? गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामध्ये किती जाडीची प्लेट घालायची? शाफ्ट कापायचा की वाढवायचा? रेडिएटर पुढे सरकेल का? सगळे प्रश्न टेपने मोजता येणारे. विजेचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. त्या जातीच्या डिझेल इंजिनाचा पंप यांत्रिक. एकदा सुरू झालं की बॅटरी काढून घरी नेली तरी ते चालत राहायचं. बंद करायलासुद्धा किल्ली नव्हे, एक दांडी ओढावी लागे. दांडी ओढेपर्यंत आपण कुणाच्या जीपमध्ये आहोत याची त्या इंजिनाला चौकशी नसायची.

चौकशी करणारं इंजिन आपल्याकडे आलं ते साधारण २००० सालाच्या आसपास. जगात बॉशने इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ सालीच फोक्सवॅगनच्या गाडीत बसवलं होतं. आपण आपले कार्ब्युरेटरवर सुखी होतो. मग दिल्लीच्या हवेवरून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये कान उपटले, युरो-१, युरो-२ हे शब्द वर्तमानपत्रांतून घरात आले आणि मारुती ८०० लाही एमपीएफआय इंजिन मिळालं. गाडीच्या पाठीमागे ‘एमपीएफआय’ ही अक्षरं मोठ्या अभिमानाने मिरवली जायची. त्यांचा अर्थ मालकाला विचारायचा नाही, असा एक सभ्य संकेत होता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझ्या ताईच्या सासऱ्यांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी नेऱ्याकडच्या त्यांच्या वाडीत आंब्याखाली उभी होती. इतकी वर्षं उभी होती की इंजिन जाम झालं होतं आणि डिकीत मांजरीच्या दोन पिढ्या वाढल्या होत्या. भाचा ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत आहे. आजोबांची गाडी पुन्हा चालवायची असं त्याच्या मनाने घेतलं. मूळ १०८९ सीसीचं इंजिन दुरुस्त करता आलं असतं. पण भाच्याला दुरुस्ती नको होती, प्रकल्प हवा होता. म्हणून मारुती इकोचं इंजिन घालायचं ठरलं. निवड मला पटली. इकोचं जुनं ११९६ सीसीचं इंजिन लांबीत बसवलेलं असतं आणि जोर मागच्या चाकांना देतं, पद्मिनीसारखंच. शिवाय पनवेलमध्ये इकोबद्दल माहिती नसलेला माणूस सापडणं कठीण; निम्मा रायगड जिल्हा तिच्यात दाटीवाटीने बसून कामाला जातो.

लोखंडाचं काम मिस्त्रींनी केलं. ते माझ्याच वयाचे, मला ‘भाऊ’ म्हणतात आणि भाच्याला ‘पोरा’. फाउंडेशन झालं, संप क्रॉसमेंबरला अडत होता तो सुटला, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा गेला आणि जमिनीला भोक पाडून नवा दांडा आला. पद्मिनीचा जुना पेट्रोल पंप कार्ब्युरेटरपुरता ढकलायचा. इंजेक्शनला सुमारे तीन बार दाब लागतो, म्हणून टाकीत विजेचा पंप बसला. हे सगळं सांगण्यासारखं आहे, पण त्यात रहस्य नाही. मिस्त्रींनी हात पुसले आणि म्हणाले, “पोरा, इंजिन बसलं. आता ते चालेल की नाही, हे मी नाही सांगणार. ते तो डबा सांगेल.”

डबा म्हणजे ईसीयू, इंजिनाचा संगणक. चपटा, ॲल्युमिनियमचा, एका बाजूला पिनांचे दाट जथे. त्याला जोडलेलं वायरिंग भाच्याने घरी आणून दिवाणखान्यात पसरलं होतं. प्रत्येक टोकाला कागदी टेप, टेपवर पेनाने लिहिलेलं नाव. क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, थ्रॉटल, ऑक्सिजन सेन्सर, नॉक सेन्सर. ताई रोज केर काढताना विचारायची, “यातलं काही टाकायचंय का रे?” आणि तो रोज दचकायचा.

त्या काळात भाच्याने मला जे शिकवलं त्यातला क्रँक सेन्सर मला फार आवडला. फिरणाऱ्या क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरतं. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दातांची जागा असते, पण दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सर दात मोजत जातो. मध्येच जागा रिकामी लागली की ईसीयूला कळतं, पिस्टन आत्ता कुठे आहे. ठिणगी कधी टाकायची, पेट्रोल कधी सोडायचं, सगळं त्या दोन गाळलेल्या दातांवरून ठरतं. कुणी दुसऱ्याच मोजणीचं चाक बसवलं, तर इंजिन कितीही निरोगी असो, स्टार्टर नुसता फिरत राहतो. माझे दोन दात गेल्यापासून घरात माझ्या म्हणण्याला असं वजन कधी आलेलं नाही.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा पंप दोन सेकंद झूं करून थांबला. ते बरोबरच होतं; इंजिन फिरतंय अशी खबर क्रँककडून आल्याशिवाय ईसीयू पंपाला पुढे चालू देत नाही, म्हणजे अपघातात पेट्रोल उडत राहत नाही. दुसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि पद्मिनी सुरू झाली! आम्ही सगळे ओरडलो. ओरडणं संपायच्या आत ती बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दर वेळी साधारण तेवढाच वेळ, घड्याळ लावल्यागत. आणि बाजूला टांगून ठेवलेल्या इकोच्या मीटरवर किल्लीच्या आकाराचा छोटा दिवा लुकलुकत होता.

मिस्त्रींनी पेट्रोल पाहिलं, करंट पाहिला. दोन्ही होतं. भाचा मात्र त्या दिव्याकडे पाहून मटकन बसला. इंजिन आणि ईसीयू त्याने जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणले होते. किल्ली आणली नव्हती. त्याच्या दृष्टीने किल्ली म्हणजे पत्र्याचा तुकडा. पद्मिनीची आजोबांची किल्ली होती की! पण आताच्या किल्लीच्या डोक्यात एक चिप असते, कुलपाभोवती तारेचं कडं असतं, ते कडं चिपला तिचा क्रमांक विचारतं आणि उत्तर ओळखीचं असलं तरच ईसीयू इंजिन पुढे चालू देतो. चोरी होऊ नये म्हणून ही सोय, नाव इमोबिलायझर. चोर नसलेल्या माणसाकडेही पुरावा मागितला जातो, एवढाच तिचा दोष.

इथे मला त्या डब्याची खरी ओळख पटली. मी निवृत्त माणूस आहे. दर नोव्हेंबरला मी हयातीचा दाखला देतो. पूर्वी खिडकीवर उभं राहून सही करावी लागे. २०१४ पासून जीवन प्रमाण आलं आणि अंगठा यंत्रावर टेकवून जिवंत असल्याचं सिद्ध करता येऊ लागलं. माझ्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्यात. यंत्र म्हणतं, जुळत नाही. मी समोर उभा असतो, श्वास घेत असतो, प्रसंगी जरा मोठ्यानेही घेतो. पण माझ्या जिवंतपणाशी यंत्राला कर्तव्य नसतं. त्याला त्या जिवंतपणाचा कागद हवा असतो. इकोचं इंजिन चालू शकत होतं, हे आम्ही कानांनी ऐकलं होतं. त्याच्याकडे दाखला नव्हता.

नव्या गाड्यांत तर हे प्रकरण नोव्हेंबरपुरतं राहत नाही. १९८६ साली बॉशने कॅन बस नावाची पद्धत जगापुढे मांडली. गाडीतले सगळे डबे, म्हणजे इंजिनाचा, ब्रेकचा, स्टिअरिंगचा, मीटरचा, दोनच तारांवर एकमेकांशी बोलतात, आणि प्रत्येक डबा दर काही मिलिसेकंदांनी आपण आहोत अशी हाक देत राहतो. हाक आली नाही की बाकीच्यांच्या लेखी तो मेला. इंजिनाच्या फेऱ्यांची खबर मिळाली नाही की विजेचं स्टिअरिंग मदत करायचं सोडतं. ब्रेकच्या डब्याने वेग सांगितला नाही की मीटरचा काटा उठत नाही. अशी गाडी मोडून नुसतं इंजिन उचललं की त्याच्या ईसीयूला चहूकडून मौन ऐकू येतं. मग तो चेक इंजिनचा दिवा लावतो, जोर कमी करतो आणि गाडीला कशीबशी घरी पोचण्यापुरतं चालू देतो. याला लिम्प मोड म्हणतात. पळस्पे फाट्यापासून गोव्याच्या रस्त्याला लागणाऱ्याला हा मोड आला तरी लवकर कळायचा नाही. त्या रस्त्याच्या वर्षानुवर्षं चाललेल्या कामाने धडधाकट गाड्यांनाही त्याच वेगाची सवय लावली आहे.

बाजाराच्या आणखी फेऱ्या होऊन शेवटी किल्ली, कुलूप, इमोबिलायझरचा डबा आणि त्यांना ओळखणारा ईसीयू असा अख्खा सेट मिळाला. सेटची किंमत ऐकून मिस्त्री म्हणाले, “नाकापेक्षा मोती जड.” पुढची अडचण अशी की पद्मिनीच्या डॅशबोर्डवर इकोचं कुलूप शोभेना. भाच्याने तोड काढली ती बेरकी होती. इकोची किल्ली चिपसकट तारेच्या कड्याला टेपने कायमची चिकटवली आणि डॅशबोर्डच्या आत दडवून टाकली. इकोचं मीटरही पद्मिनीच्या हातमोज्यांच्या कप्प्यात गेलं. आता आजोबांचीच किल्ली फिरवायची. आत अंधारात इकोचा डबा इकोच्या किल्लीला क्रमांक विचारतो, बरोबर उत्तर मिळतं आणि आपण इकोतच आहोत अशा समजुतीत तो कामाला लागतो. ज्या चिपने चोराला अडवायचं ती चोवीस तास दारातच बसवून ठेवली, हे मी भाच्याच्या लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, “मामा, ही गाडी चोरायची तर चोराला आधी मिस्त्रीकाकांना घेऊन यावं लागेल.”

डब्याला असं समजुतीत ठेवणं नवीन नाही. आपल्याकडच्या पुष्कळ सीएनजी गाड्या रोज हेच करतात. गॅसचा वेगळा ईसीयू पेट्रोलच्या ईसीयूच्या आणि इंजेक्टरच्या मध्ये बसतो. पेट्रोलचा ईसीयू हुकूम सोडत राहतो, अमुक इतके मिलिसेकंद पेट्रोल सोडा. मधला डबा तो हुकूम ऐकून घेतो, पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवतो, त्यांच्या जागी तेवढाच विद्युतभार दाखवतो आणि त्या हुकुमावरून हिशेब करून गॅस सोडतो. साहेबांना वाटतं, आपल्या सहीने पेट्रोल चाललंय. पंपावरच्या रांगेत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांत हा व्यवहार चालू असतो, आणि तो मंजूर किट लावून केलेला, कायदेशीर असतो. आयुष्यभर मी कचेरीत काम केलं. मधल्या डब्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

किल्लीचा प्रश्न सुटल्यावर गाडी चालू राहिली, पण चेक इंजिनचा दिवा जाईना. भाच्याने स्कॅनर लावला. एप्रिल संपत आला होता, वाडीत उकाड्याने जीव नकोसा झाला होता आणि स्कॅनरच्या पडद्यावर इंजिनातल्या पाण्याचं तापमान होतं उणे ४०. उणे ४० हा आकडा सेल्सिअसमध्ये आणि फॅरनहाइटमध्ये एकच, त्यामुळे एककाची चूक म्हणून सोडूनही देता येईना. कारण साधं निघालं. तापमानाच्या सेन्सरचा विद्युतरोध थंडीत वाढतो. वायर तुटली की रोध अमर्याद होतो आणि ईसीयू त्याचा अर्थ काढतो, अमर्याद थंडी. वायर उंदराने कुरतडली होती. शहाणा ईसीयू अशा वेळी त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. ठरावीक तापमान धरून चालतो, पंखा फिरवत ठेवतो आणि दिवा लावून आपली हरकत नोंदवतो. हे मला कौतुकाचं वाटलं. खबर खोटी आहे हे ओळखूनही कामावर हजर राहणारे लोक मी फार पाहिले नाहीत.

त्यानंतर मात्र स्कॅनरवर बिघाडाच्या कोडांचा पाऊस सुरू झाला. आज ऑक्सिजन सेन्सर, उद्या थ्रॉटल, परवा दोन्ही. भाचा कोड पुसायचा, ते परत यायचे. तो एकेक सेन्सर बदलायच्या तयारीला लागला. मिस्त्री लांब बिडी ओढत बसले होते. ते उठले, ॲक्सिलरेटरच्या केबलला बोट लावलं आणि चटकन काढून घेतलं. “तापलीय,” म्हणाले, “अर्थ नाही.” इंजिन रबरी पायांवर बसलं होतं आणि इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थची पट्टी लावायची राहिली होती. स्टार्टरचा सगळा करंट परतीची वाट शोधत केबलमधून जात होता आणि सेन्सरांच्या आकड्यांना हेलकावे बसत होते. मिस्त्रींनी चाळीस वर्षांचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत पत्र्यावर जाड पट्टी आवळली. सगळे कोड गेले. भाच्याने लॅपटॉप मिटला, त्या दिवशी चहाचे पैसे त्याने दिले.

यावरून जुनं ते सोनं म्हणायला मी तयार नाही. मिस्त्रींच्या कानाने लावलेला कार्ब्युरेटर पावसाळ्यात एक बोलायचा आणि उन्हाळ्यात दुसरंच. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, हे प्रमाण ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून सेकंदासेकंदाला सांभाळतो. आणि झालेल्या चुका तो लिहून ठेवतो, न रागावता. एवढंच की त्याला त्याची माणसं लागतात. आपल्याकडचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल घ्या. फियाटचं इंजिन, स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टात होतं, पुंटोत होतं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि ते थांबलं. लोखंड एकाच घराण्याचं असूनही एका गाडीचा ईसीयू काढून दुसरीला लावा, ओळख देत नाही. कॉमन रेल डिझेलच्या इंजेक्टरवर तर प्रत्येकाचा कोड कोरलेला असतो. नवा इंजेक्टर बसवला की तो कोड ईसीयूला सांगावा लागतो.

ज्याला या सगळ्या ओळखीपाळखीचा कंटाळा असेल त्याने कोरा ईसीयू घ्यावा. स्पीडुइनो नावाचा एक आहे, आर्डुइनोच्या पाटीवर चालणारा, त्याची आखणी सर्वांना खुली. त्याला किल्ली नको, मीटर नको, नातेवाईक नकोत. पण त्याला काहीच माहीत नसतं. सोळा गुणिले सोळा चौकटींचा तक्ता तो पुढे करतो: इतक्या फेऱ्यांना, इतक्या भाराला किती पेट्रोल, ते तुम्हीच भरा. भाच्याला मोह झाला होता. ताईने दिवाणखान्याकडे बोट दाखवलं, आणि विषय संपला.

राहिला माणसांचा दाखला. आमच्याकडचा नंबर एमएच ४६, आणि नोंदणीच्या पुस्तकात इंजिन क्रमांक असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला ते पुन्हा ठणकावून सांगितलं. मंजूर किट लावून इंधन बदलायला, अगदी बॅटरीवर न्यायलाही, त्याच कलमात वाट आहे. पद्मिनीत इको घालायला नाही. त्यात २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. आजोबांची पद्मिनी २०३४ मध्ये त्या पंगतीला बसली असती. तो मानही गेला. जुनं इंजिन तेवढं मिस्त्रींनी तेल लावून, ताडपत्रीत बांधून गोठ्यात ठेवलं आहे. ते कशाला, असं विचारलं तर म्हणाले, “पोराचं लग्न झालं की त्याची हौस फिटेल. मग लागेल.”

तर सध्या पद्मिनी वाडीच्या कुंपणाच्या आत, फाटकापासून विहिरीपर्यंत चालते. रस्त्यावर जात नाही. छान चालते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात असा भाचा असेल तर त्याला एवढंच सांगा. सुटं इंजिन घेऊ नको. जमलं तर ठोकलेली अख्खी गाडी घे, आणि ती नाही जमली तर किल्ली, कुलूप, ईसीयू आणि न कापलेलं वायरिंग एकाच गाडीचं घे. विकणाऱ्याला किंमत विचारायच्या आधी किल्ली विचार. पावसाळ्यानंतर घेत असशील तर ईसीयूच्या पिना उजेडात धरून बघ. हिरवट दिसल्या तर गाडी कुठल्या तरी पुरात बुडून आलेली आहे, कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून दे. आणि सगळ्यात आधी अर्थची पट्टी लाव.